म्हातारपणासाठी विलायतेत गाव शोधताना

विमानतळाकडे निघालो त्या सकाळी आमची गाडी पहिला पाऊण तास आमच्याच गावात, वडप्यात, दोन कंटेनरांच्या मधे अडकली होती. डाव्या हाताला गोदाम, उजव्या हाताला गोदाम.

"इथं आमचं खाचर (बांध घातलेलं भातशेत) होतं," मी महेशला सांगितलं. महेश आमच्या गल्लीतला, गाडी त्याचीच. हे वाक्य त्यानं माझ्याकडून आधीही ऐकलं असावं.

"काका, मानसा म्हातारपनी गावाला येतान, नि तुमी गाव सोरून चाल्लाव?"

"गावच शोधायला चाललोय रे. विलायतेत!"

तो जो हसायला लागला, तो विमानतळापर्यंत.

थोडा खुलासा करतो. तीस वर्षं मी लेस्टर शहरात बस चालवली. पासपोर्ट आम्हा दोघांचेही तिकडचेच. निवृत्त झाल्यावर मी हट्टानं गावी परतलो, तर गाव गोदामांखाली गेलेलं. आठ वर्षं काढली. मग इंग्लंडातल्या आमच्या मनीषानं, म्हणजे मुलीनं, "दोघं इकडे या" असा धोशा लावला. मी म्हटलं, येतो, पण खेड्यात राहीन. माझ्या बायकोनं, सुलभानं, फक्त एक अट घातली.

"लग्नानंतर तुम्ही म्हणालात लेस्टर, मी आले. मग म्हणालात वडपे, आले. लेस्टरला पहिली दोन वर्षं पोस्टमन सोडून कुणी दारावर थाप मारली न्हाय. ह्या वेळी जागा मी सांगनार."

मी लगेच कबूल झालो. कबूल होणं मला फार सोपं जातं.

पहिला मुक्काम वेल्समध्ये. मनीषाची गाडी घेऊन निघालो. गावाचं नाव मला अजून उच्चारता येत नाही, पण वळण घेतलं आणि मी गाडीच थांबवली. समोरचा डोंगर थेट आमच्याकडच्या माहुलीसारखा! पायथ्याशी ओलं हिरवं रान, अधूनमधून दगडी बांध, आणि एक विकाऊ घर. घर दाखवणाऱ्या बाईंच्या पुढं जाऊन मी ऐटीत कुंपणाची लाकडी पायरी ओलांडायला गेलो आणि पँट फाडून पलीकडे मेंढ्यांच्या लेंड्यांत बसलो. तरीही डोंगरावरची नजर हटेना. माझ्या लहानपणी पडघ्याच्या बाजाराला चालत जाताना असाच डोंगर सोबतीला असायचा.

सुलभानं बाईंना दोनच प्रश्न विचारले. बस कधी? मंगळवारी. शेजारी कोण? बाईंनी लांबवर एका धुराड्याकडे बोट दाखवलं.

सुलभा गाडीत जाऊन बसली. मी मागे रेंगाळलो आणि बाईंच्या कानात सांगून टाकलं, "घर आम्ही घेतो. दुसऱ्याला दाखवू नका." बायकोला आनंदाचा धक्का द्यायचा होता. असले धक्के मी तिला चाळीस वर्षं देत आलोय.

त्यानंतर नॉरफोकचा किनारा केवळ दाखवण्यापुरता केला. सपाट प्रदेश, गालिच्यासारखी कापलेली हिरवळ, काचेआडून हात हलवणारी निवृत्त जोडपी. बाकावर तळलेला मासा खात होतो, तर एका सीगलनं (कोंबडीएवढा समुद्रपक्षी) माझ्या हातातला तुकडा पळवला. त्या गावात आमच्याशी जवळीक साधणारा तेवढाच.

शेवटी यॉर्कशर. एका डोंगराळ खेड्यात आठवड्यासाठी भाड्यानं घर घेतलं होतं. मागे छोटी बाग, कोपऱ्यात कुंपण छाटलेल्या वाळक्या फांद्या, ढीगभर पाचोळा. एप्रिल महिना. माझे हात शिवशिवायला लागले. आमच्याकडे या दिवसांत राब भाजतात (भाताचं रोप टाकायची जागा पाचोळा, शेण पसरून जाळतात). मी समोरच्या गल्लीतून बादलीभर शेण आणलं, थर रचला, वर माती भुरभुरली आणि काडी लावली.

तो वास! मी दहा वर्षांचा झालो. बाप काठीनं निखारे सारतोय, आई लांबून ओरडतेय, माझे डोळे चुरचुरतायत. यॉर्कशरमध्ये उभा राहून मी खरोखर रडत होतो. म्हणून धूर कुठं चाललाय हे मला दिसलंच नाही.

भिंतीपलीकडून गमबूट घातलेली एक म्हातारी बादली घेऊन आली आणि माझ्या बालपणावर तिनं पाणी ओतलं. तिचं नाव डोरोथी. तिच्या दोरीवरच्या चार पांढऱ्या चादरी काजळल्या होत्या.

"जाळायचं तर आधी सांगावं माणसानं! मी उद्या धुतलं असतं!"

तांदळाच्या पिठाचे हात घेऊन सुलभा बाहेर आली. मला वाटलं, माझी बाजू घेईल.

"बरोबर बोलतेय ती," सुलभा मला म्हणाली. "मामंजी राब पेटवायच्या आधी चार घरांना हाक मारायचे. कुनाचा पेंढा, कुनाचं वाळवन. तुम्हाला वास तेवढा आठवला?"

मग तिनं हेच डोरोथीला आपल्या इंग्रजीत सांगितलं. दोघींनी मिळून चादरी पुन्हा धुतल्या. नंतर डोरोथी आमच्या स्वयंपाकघरात बसून जॅम लावलेली तांदळाची भाकरी खात होती.

"हा नेहमी असाच का?" तिनं विचारलं.

"चाळीस वर्षं," सुलभा म्हणाली.

दुसऱ्या सकाळी दारावर थाप. डोरोथी, हातात अंडी. तिसऱ्या दिवशी पुन्हा थाप: आभाळ आलंय, कपडे काढा. चौथ्या दिवशी सुलभाच पलीकडे गेली आणि जेवायच्या वेळेला परतली.

"हेच गाव," ती म्हणाली.

"अगं, पण वेल्सचे डोंगर..."

"डोंगर येनार हायत का दारावर थाप मारायला?"

वेल्सला दिलेला होकार मी तिला अजून सांगितलाच नव्हता.

तो तसाच लपवून वडप्याला परतलो. तिसऱ्या दिवशी दुपारी सुलभा आत सुकट निवडत होती. मी गच्चीवर गेलो. चारी बाजूंना पत्र्याची छपरं तापलेली. माझं गाव त्यांच्या खाली होतं आणि ते वेल्सला गेलेलं नव्हतं, एवढं आता कळत होतं. मी वेल्सच्या त्या बाईंना फोन लावला आणि घर नको म्हणून सांगितलं.

"घरात काही दोष दिसला का?" त्यांनी विचारलं.

"घरात नाही. माझ्या बायकोला पसंत आहे का, ते विचारायचं राहिलं होतं."

"पण त्या तर तुमच्याबरोबर आल्या होत्या!"

"आली होती. मी विचारलं नव्हतं."

इतकं सरळ वाक्य मी इंग्रजीत आयुष्यात बोललो नव्हतो. तेच खाली जाऊन सुलभाला मराठीत सांगायला मात्र मला संध्याकाळ झाली.