फोटोत न येणारं दुखणं

एस.टी.तून उतरताना माझा डावा घोटा मुरगळला. शाहूपुरीत फोटो काढला, म्हणजे एक्स-रे. हाड शाबूत निघालं आणि त्याच दिवशी मी घरात ढोंगी ठरले. सासूबाई फिल्म खिडकीशी धरून आल्यागेल्याला विचारायच्या, "बघा की पावणं, कुठं मोडलंय काय?"

पाय मात्र सारखा दगा द्यायचा. भरल्या घागरीसकट आपटले की वाटायचं, मेलं हाडच का नाही मोडलं!

वर्षानं राजारामपुरीतल्या डॉक्टरांनी माझं पाऊल हातानं आत वाकवून धरलं आणि तसाच फोटो काढला. घोट्यात बाहेरच्या अंगाला फट दिसली. "हाडांना बांधणारं लिगामेंट तुटलंय," ते म्हणाले. "ते फोटोत येत नाही, ही फट येते."

घरी येऊन मीच फिल्म खिडकीशी धरली. सासूबाईंनी निरखून पाहिली.

"हाड तर शाबूतच हाय की!"