टॉवेलाखाली ठरलेली गाडी

गाडीत पेट्रोल आपण टाकायचं, किस्से लोकं टाकत्यात. मी जुनी क्रूझर फटफटी घेतल्यापासून शिरूरात बबन मिस्त्रीच्या गॅरेजवर एवढे किस्से साठलेत, की ऑईलचे डबे ठेवायला जागा उरली न्हाई. त्यातले निम्मे खोटे हायत. खोटे तुकाआप्पा सांगतो. खरे मी सांगतो, ऐका.

*

तुकाआप्पा म्हंजी माझा मेंढरांमागचा जोडीदार. आम्ही दोघांनी रानं हिंडायची सोडली, शेती धरली. मग त्यानं बुलेट घेतली आन् त्याची मान ताठ झाली. मला म्हणाला, "आबा, तूबी बुलेटच घे. माणूस गाडीवरून कळतो!"

"गाडीवरून पडला की जास्त कळतो," मी म्हणलं.

बुलेट न घ्यायचं खरं कारण घरात होतं. आमची लेक यवतला दिलेली. माझी बायको हौसा, तिचे गुडघे गेलेले. एसटीत चढताना कंडक्टर वरनं ओढायचा आन् मी खालनं ढकलायचो. ह्या लाजेपायी तिनं लेकीकडं जायचंच सोडलं. बुलेटची शीट तिच्या कमरेएवढी उंच, चढायचं कसं? मला बुटकी गाडी पायजे होती, मागं टेकायला गादी असलेली.

हे गॅरेजवर कशाला सांगायचं? तिथं सांगितलं, "मला ऐसपैस बसायची सवय हाय!"

*

कारेगावात कंपनीतल्या एका सुपरवायझरला गाडी विकायची होती. पोरगा उत्तरेकडचा. बबनला घेऊन गेलो आन् एडका बघावा तशी गाडी बघितली. पाठीवर मूठ दाबली, पोटाखाली हात घातला. सायलेन्सर तापलेला! बोंबललो.

"दात कुठं बघायचे रं हिचे?"

बबन म्हणाला, "चेनच्या चक्रीला असत्यात आबा, तेवढे बघा."

मग भाव. आमच्या मेंढरांच्या बाजारात भाव तोंडानं बोलत न्हाईत. टॉवेलाखाली हात धरायचा, बोटं दाबून आकडा सांगायचा. मी त्या पोराच्या हातावर टॉवेल टाकला आन् बोटं दाबली. पोरगा गोरामोरा झाला. मी आणखी दाबली. तो बारीक आवाजात म्हणाला, "बाबा, हाथ छोड़िए ना, लोग देख रहे हैं!"

सोडतोय कशाला? सौदा अर्ध्यात! शेवटी त्यानं बोटं वळवळवून हात सोडवला.

मी म्हणलं, "मिटलं! एवढं कमी केलंस, गुणाचा हायस!" आन् चावी उचलली.

आपण काय कमी केलं, हे बबन त्याला किती तरी वेळ समजावत होता.

*

ह्या गाडीवर पाय पुढं पसरून बसावं लागतं. न्हावऱ्याला एक चक्कर मारली, तर आप्पा गावभर सांगत सुटला, "न्हावऱ्यात आबाचे पाय आधी पोचले, आबा मागनं आला!"

ते सोसलं. पण घरी हौसानं गाडीला कुंकू लावलं, चाकाखाली लिंबू ठेवलं आन् म्हणाली, "मी बसायची न्हाई."

"का?"

"असं आडवं होऊन माणूस एकदाच जातो!"

झालं! सगळा उन्हाळा गाडी अंगणात. तिच्यावर कोंबड्या बसायला लागल्या.

*

भावकीत लग्न निघालं. नवरदेव मारुतीच्या पाया पडायला न्यायचा तो बुलेटवरनंच, असं ठरलेलं. आप्पानं शीटवर पोतं अंथरलं. का, तर हळदीचा डाग पडतो. नवरदेवाची आई भडकली, "माझं पोरगं काय युरियाची गोणी हाय?"

पोरगं आलं माझ्या गाडीवर. आदल्या रात्री नाचून दमलेलं. मागं टेकलं आन् ताशाच्या कडकडाटात घोरायला लागलं. मांडवात पोचलो तर मान लटकलेली. नवरीची आत्या किंचाळली, "फिट येती व्हय ह्याला? थांबवा लग्न!"

नवरीच्या मामानं पायातली चप्पल काढून नाकाला लावली. वासानं पोरगं जागं झालं आन् म्हणालं, "आबा, अजून एक फेरी मारा की!"

हौसा बायकांत बसून बघत होती. घरी आल्यावर एवढंच म्हणाली, "एवढ्या गोंगाटात झोप लागली व्हय त्याला?" गुडघ्यांपायी तिला घरात, अंथरुणात झोप न्हाई. मी गाडीचं नाव काढलं न्हाई. बायको आन् एडका, ओढलं की मागं सरकत्यात.

*

मग एक दिवस तुकाआप्पाच माझ्या अंगणात. बुलेट न आणता, चालत. दुखऱ्या कमरेला डॉक्टरनं दिलेला पट्टा बांधलेला. पावसापाण्याचं बोलला, मग म्हणाला, "गाडी कोंबड्यांनी नासवली आबा. वैनी काय आता बसत न्हाईत." आन् टॉवेल माझ्या हातावर टाकला.

मी गाडीकडं बघितलं. खरं बोलत होता. हात आत घातला.

त्यानं बोट दाबलं. मी मान हलवली. तो वाढला. मी परत मान हलवली. तो आणखी वाढला.

तेवढ्यात हौसा बाहेर आली. अंगावर लग्नात नेसलेलं लुगडं, हातात शेवयांचा डबा. तिनं आमच्या हातांवरचा टॉवेल ओढला, त्यानंच शीट पुसली, झटकला आन् आप्पाच्या खांद्यावर टाकला. कडेनं टेकली, सरकली, मागं रेलली.

आप्पाचा हात आन् माझा हात तसेच उघड्यावर, एकमेकांत.

"अवो," हौसा म्हणाली, "हात सोडा त्यांचा. यवतला जायचंय!"