शटर जड झालं तेव्हा

आम्ही दोघं दुपारचं जेवत होतो आणि खालून आवाज आला. ट्रॅक्टरचं टायर फुटावं तसा मोठा. हातातली भाकरी तशीच धरून मी उठले. आमचे हे मात्र जागचे हलले नाहीत. "रस्त्याला कायतरी रोजच फुटतंय," म्हणाले आणि आमटीचा भुरका मारला. आमचं भांड्यांचं दुकान घराच्या खालच्या गाळ्यात आहे आणि वर आम्ही दोघंच राहतो. मुलगी लग्न करून सांगलीला गेली. दुपारी वडूजची आमची पेठ शटरं ओढून झोपते, त्यामुळे रस्त्यावर कोणी नव्हतं. गॅलरीतून वाकून पाहिलं तर सगळं जागच्या जागी होतं. मी परत येऊन जेवायला बसले.

तो आवाज आमच्याच शटरचा होता. वर जो पत्र्याचा रूळ असतो, ज्याच्यावर शटर गुंडाळलं जातं, त्याच्या आत स्प्रिंग तुटली होती. पण आत काय असतं हे आम्हाला माहीत कशाला असणार? शटर उचललं की वर जातं आणि ओढलं की खाली येतं, एवढीच आमची त्याच्याशी ओळख. ते आपण उचलत नसतो, अर्ध्याहून जास्त भार वरची स्प्रिंग उचलत असते, हे मला त्या दिवसापर्यंत कोणी सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर मागचे काही महिने वेगळे गेले असते का, याचा विचार मी आता करत नाही. केला की डोकं फिरतं.

हे लहानपणापासून तालमीत वाढले. पुढे फौजेत गेले, हवालदार होऊन परत आले आणि दुकान टाकलं. अंगाने दणकट, बोलायला कमी. रोज सकाळी उंबऱ्याला हात लावून कपाळाला लावायचे, मग शटरच्या कडीत एक हात घालून ते असं वर भिरकावायचे की समोरच्या चहाच्या टपरीवर लोक मान वळवून बघायचे. पहिलं शटर मालकाच्या हाताने उघडायचं, ही आमच्याकडची रीत. झाडलोट माझी, सडा माझा, उदबत्ती माझी, पण पहिलं शटर ह्यांचं. मला त्याचं कधी वाईट वाटलं नाही. थंडीत ते गार लोखंड धरायची कोणाला हौस आहे?

मागच्या दिवाळीनंतर शटर जड व्हायला लागलं. आधी ह्यांना दोन हात लागले, मग गुडघा लावावा लागला. दुसऱ्या कोणीही वंगण घातलं असतं, मिस्त्रीला बोलावलं असतं. हे तालमीतले. ओझं जड लागलं की दोष अंगात, ओझ्यात दोष असू शकतो हे ह्यांना सुचणार कुठून? पहाटे गच्चीवर जाऊन जोर काढायला लागले. साठी उलटलेला माणूस, लंगोट घालून! मी रात्री बदाम भिजत घालायचे आणि सकाळी ते दुधातून देताना हसायचे. "आवं, कुठलं मैदान मारायचंय आता?" म्हणायचे. हेही हसायचे. पण जोर वाढत नव्हते, कमी होत होते. एकदा मी वर कपडे वाळत घालायला गेले, तर हे पालथे पडून होते आणि कोपर जमिनीवर टेकलेलं होतं. मी आले तशी खाली गेले.

मग शर्टाची बटणं लागेनात. चहाचा पेला दोन्ही हातांनी धरायला लागले. बसल्या जागी दंडावरचं मांस आपोआप उडायचं, कातडीखाली काहीतरी वळवळल्यासारखं. मुलगी येऊन आम्हाला मिरजेच्या दवाखान्यात घेऊन गेली. डॉक्टरांनी विचारलं, पूर्वी जमायचं आणि आता जमत नाही असं काय आहे? ह्यांनी बटणाचं नाव काढलं नाही. म्हणाले, "शटर उचलत न्हाई." डॉक्टरांनी ते लिहून घेतलं, मग ह्यांचा हात उलटा करून अंगठ्याजवळचा मांसल भाग दाबून पाहिला. तो आत बसला होता, खड्डा पडल्यासारखा. मला तोपर्यंत दिसलाच नव्हता, आणि एकदा दिसल्यावर दुसरं काही दिसेना.

बाहेर आल्यावर मुलीने मला बाजूला घेऊन सांगितलं. मज्जातंतूंचा एक आजार असू शकतो. त्यात हात जातात, मग पाय, मग गिळणं. त्यावर औषध नाही म्हटलं तरी चालेल. पण खात्री करायला एक सुयांची तपासणी लागते, त्यासाठी पुढच्या महिन्यात परत यायचं होतं. ह्यांना आम्ही एवढंच सांगितलं की शिरा तपासायच्या आहेत. गाडीत हे मधेच म्हणाले, "उसाला यंदा पाणी चांगलं मिळालंय." मी हो म्हटलं.

तर तो आवाज आला त्या दिवशी दुपारी झोपून उठल्यावर हे नेहमीप्रमाणे खाली गेले. मी मागोमाग किल्ल्या घेऊन गेले आणि कुलूपं काढली. शटर एका अंगाला किंचित कललं होतं आणि वर रूळ झाकणाऱ्या पेटीपाशी एक पट्टी बाहेर आल्यासारखी वाटत होती, पण आम्ही दोघांनीही तिकडे लक्ष दिलं नाही. ह्यांनी कडीत हात घातले आणि उचललं. शटर बोटभर उठलं आणि धाडकन परत खाली बसलं. पुन्हा उचललं. तेवढंही उठलं नाही. मग हे पायरीवर बसले आणि दोन्ही हात मांडीवर उताणे ठेवले.

"गेलं बघ," म्हणाले. "संपलं."

मलाही तेच वाटलं. मिरजेची तपासणी आता कशाला, झालीच की, असंच वाटलं. मी ह्यांच्या शेजारी पायरीवर बसले. चार माणसांसमोर मी अशी कधी बसत नाही.

टपरीवाला समोरून बघत होता. तिशीतला, उसाची मोळी एका हाताने ट्रॉलीत फेकणारा गडी. तो आला, "सरा अण्णा, मी बघतो," म्हणाला आणि खाली वाकला. चेहरा लाल झाला, मानेच्या शिरा फुगल्या. शटर हललं नाही. त्याने हात झटकले, वर पाहिलं आणि म्हणाला, "अण्णा, ह्यो हाताचा दोष न्हाई. स्प्रिंग तुटलीया. दुपारी आवाज आल्ता बघा."

हे त्याच्याकडे बघत राहिले. मग हसले. नुसते हसले नाहीत, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. "आगं, स्प्रिंग तुटलीया," मला म्हणाले. "शटरची." जणू मला ऐकू गेलं नव्हतं.

मग पेठ जमली. एकजण म्हणाला, ट्रॅक्टरचा जॅक लावू. दुसरा म्हणाला, वर चढून पेटीचा नट सैल करू, आपोआप सुटेल. तिसऱ्याला चौघांनी मिळून उचलायचं होतं. हे हातांच्या बाह्या सरसावून त्यांच्यात उभे. मी सगळ्यांना ओरडून गप्प केलं आणि विट्याच्या शटर मिस्त्रीला फोन लावला. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि फोनवरच आवाज चढवला. शटर खाली आहे ना, मग खालीच राहू द्या. अर्धं उचललंत आणि सुटलं तर ते सगळ्या वजनानिशी येतं, पाय ठेवत नाही आणि मानही ठेवत नाही. जॅक तर लावूच नका. आणि वरच्या नटाला कोणी हात लावला तर मी येणारच नाही. "तुटली म्हंजी मेली आसं न्हाई वहिनी. तुकड्यात बी ताण आसतुया. सुटली तर डोळा घेऊन जाती." तो उद्या येतो म्हणाला. मी शटरसमोर दोन खुर्च्या आडव्या टाकल्या आणि कोणाला जवळ फिरकू दिलं नाही.

संध्याकाळी ह्यांनी सांगलीला मुलीला फोन लावायला लावला. "आगं, डॉक्टरला आपण शटरचं दुखणं सांगितलं," म्हणाले. "त्यो बिचारा घाबरला. आता कशाला सुया टोचून घ्यायच्या? न्हाई येत म्हणून कळव त्येला." मुलगी म्हणाली, आईला दे. मी फोन घेतला आणि मिस्त्री येऊन जाऊ दे, मग बघू म्हणाले. मला ह्यांचं बोलणं खरं वाटायला लागलं होतं, आणि खरं सांगायचं तर मला स्वतःचाच राग येत होता. शर्टाच्या बटणाला कुठे स्प्रिंग असते? चहाच्या पेल्याला कुठे असते? पण त्या रात्री हे भात दोनदा वाढून घेऊन जेवले, आणि मी बटणांचा विचार बाजूला सारला. आशा फार निर्लज्ज असते. तिला एवढीशी फट पुरते.

मिस्त्री सकाळी उशिरा आला, तंबाखू मळतच उतरला. आधी त्याने आम्हाला सगळ्यांना रस्त्याच्या पलीकडे उभं केलं. मग टपरीवाल्याला आणि आणखी तिघांना दोन्ही कडांना धरून शटर वर घ्यायला लावलं, दोन्ही बाजूंनी जाड वासे उभे करून ठोकले, दोराने बांधलं आणि मगच शिडीवर चढला. शटर वर असलं की स्प्रिंग सैल असते, खाली असलं की आवळलेली, म्हणून हा खटाटोप, असं तो वरूनच सांगत होता. तोंड बाजूला ठेवून, लांब सळईने तो एकेक पीळ सोडवत होता. हे चार वेळा रस्ता ओलांडायला निघाले आणि चारही वेळा मी शर्टाला धरून मागे ओढलं.

आत दोन स्प्रिंगा होत्या. दोन्ही तुटलेल्या. एकीचा तुकडा तुटल्या जागी चकचकीत होता. दुसरीचा गंजलेला. मिस्त्री तो गंजका तुकडा हातात फिरवत म्हणाला, "ही मागंच कवातरी तुटलीया मालक. ह्या एकीच्या जिवावर चाललं हुतं तुमचं."

ह्यांनी तो तुकडा त्याच्या हातातून जवळजवळ हिसकावून घेतला. मला दाखवला, टपरीवाल्याला दाखवला, दुधाची किटली घ्यायला आलेल्या एका म्हातारीला दाखवला. "दिवाळीपसनं तुटल्याली हाय. आन मी जोर काढतुया गच्चीवर." सगळे हसले. मीही हसले. वाटलं, देवा, असंही होतं की. माणसं उगीच मरणाची तयारी करतात आणि निघतं भलतंच काही.

नव्या स्प्रिंगा बसवायला दुपार झाली. मिस्त्रीने पीळ दिले, वासे काढले, शटर दोनदा खालीवर करून पाहिलं आणि खाली ओढून ठेवलं. "आता शाळंतलं पोरगं बी उचलंल," म्हणाला. नवं काम म्हणून मी हळदीकुंकू आणलं, पट्टीला बोटं लावली, टपरीवाल्याने नारळ फोडला. मग सगळे मागे सरकले, कारण पहिलं शटर ह्यांचं.

हे उंबऱ्यापाशी वाकले. उंबऱ्याचा हात कपाळाला लावला. कडीत बोटं घालताना ती नीट वळली नाहीत, म्हणून दुसऱ्या हाताने ती वळवून घेतली. मग उचललं. शटर कडेला थोडं खडखडलं आणि राहिलं तिथेच. ह्यांनी पाय फाकवले, श्वास भरला, पुन्हा उचललं. खांदे वर गेले, पण हात गेले नाहीत.

मिस्त्री तंबाखू थुंकून आला, म्हणाला, "नवीन हाय मालक, जरा कडक आसतंय," पण कडीला हात लावायचं त्याच्याने झालं नाही. टपरीवाला जमिनीवरची नारळाची शेंडी गोळा करायला लागला.

हे बाजूला झाले. माझ्याकडे न बघता म्हणाले, "तू उचल बघू."

मला कळलं ह्यांना काय बघायचंय. आणि मी त्याच क्षणी ठरवलं की दातओठ खायचे, कण्हायचं, जड आहे म्हणून सोडून द्यायचं. एवढं खोटं बोलायचा मला हक्क आहे असं वाटलं. मी पदर खोचला, वाकले, कडीत दोन बोटं घातली. आणि सोंग आणायच्या आधीच ते निघालं. मी ओढलंही नव्हतं. बोटांबरोबर सुटून सरसर वर गेलं आणि वर जाऊन थांबलं. आतली सगळी भांडी उन्हात आली.

"लय हलकं झालंय की," हे म्हणाले.

मी मागे वळू शकले नाही. मिस्त्री शिडी उचलून निघाला, लोक पांगले. मी पुढच्या कळश्या उगीच पुसत राहिले. बऱ्याच वेळाने ह्यांचा आवाज आला, अगदी साधा, भाजी काय आणू विचारावं तसा. "मिरजेला फोन लाव. येतो म्हणून सांग."

मी वळले. हे दारात रस्त्याकडे तोंड करून उभे होते आणि लोकांना हात दिसू नयेत म्हणून पँटच्या खिशांत घालायला बघत होते. डावा गेला. उजवा कडेला अडकून राहिला होता. मी जवळ जाऊन तो आत घातला.