डुकरांसाठी पेरलेली नाचणी

उळवीच्या अलीकडचं जंगल सरकारने राखीव केलं म्हणजे नेमकं काय केलं, हे उमाजी कुणब्याला पुष्कळ दिवस उमगलं नव्हतं. झाडं होती तिथंच होती. फक्त बापजाद्यांची कुमरी, म्हणजे रान तोडून, जाळून राखेत नाचणी पेरायची रीत, एकाएकी गुन्हा झाली होती. आणि हवापालटाला आलेल्या साहेबांनी त्याच रानात बंदुका झाडायच्या, ही करमणूक. तेव्हा कायद्याला उगाच दुखवू नये म्हणून उमाजीने नाचणी पेरली ती वाटेवरून दिसणार नाही अशा उतरणीवर.

कणसं भरली आणि वाघ मारायला जंगलसाहेब आला. वाट दाखवायला उमाजीच. त्याने साहेबाला ती उतरण सोडून सगळं जंगल फिरवलं. शेवटी साहेब आपणच एका रानडुकराच्या मागावर निघाला, आणि डुकराला उमाजीच्या नाचणीहून बरं ठिकाण माहीत नव्हतं.

पिकलेलं शेत आणि मधोमध राखणीचा माळा बघून साहेब लालबुंद झाला. उमाजीला एका डोळ्याने वर्षाचं अन्न दिसत होतं, दुसऱ्याने तुरुंग.

"हे कोणी पेरला?"

"म्या, सायेब. तुमच्यासाटनं."

"माझ्यासाठी?"

"वाघ येनार डुकरामागनं, डुक्कर येनार नाचणीमागनं. तुमाला बसाय माळा बी बांधलाय."

साहेबाच्या शिकारीच्या पुस्तकांत ही युक्ती नव्हती, पण असायला हवी होती, असं त्याला वाटलं. "मग वाघ येईपर्यंत एक कणीस तोडायचा नाही!"

घरी बायकोने, केशरने, कपाळावर हात मारला. "वाघ न्हाई आला म्हंजे? पोरांना काय माळा शिजवून घालू?"

"गप गे. राखण कोन करतंय ते बघ की."

रोज संध्याकाळी साहेब माळ्यावर बसू लागला. एरवी डबा बडवून उमाजीचे हात भरून येत, तरी डुकरं निम्मं पीक फस्त करत; आता बंदुकीच्या धाकाने ती डोंगरापलीकडे गेली. वाघ अर्थातच त्यांच्यामागे. दुपारी साहेब बंगल्यात घोरू लागला की केशर खालच्या अंगाने कणसं खुडून नेई.

"डुक्कर फार खाते," उघडी धाटं पाहून साहेब खूश होऊन म्हणे. "पण दिसत का नाही?"

"दुपारचं येतंय, सायेब. पोरंबाळं घेऊन."

कणसं संपली तसा साहेब कंटाळून निघाला. घोड्यावर बसता बसता त्याने बजावलं, "पुढच्या वर्षी जास्त पेर."

"रान राखीव हाय, सायेब," उमाजी काळजीने म्हणाला.

"माझा हुकूम आहे!"

हुकूमच म्हटल्यावर उमाजीचा नाइलाज झाला.