दुसऱ्या खेळीचं प्यादं

वाचनालयाच्या माडीवर बुद्धिबळाचे चार पट मांडलेले असत, आणि वयानं मोठा असेल त्यानं पांढरी मोहरी घ्यायची असा तिथला रिवाज होता. मी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये नुकतीच ऑपरेटर म्हणून लागले होते. माडीवर सगळ्यांत लहान मीच, आणि बाईही मी एकटीच. त्यामुळं माझ्या वाट्याला कायम काळी.

पहिली खेळी पांढऱ्याची असते. काळ्यानं आधी सावरायचं, बरोबरी साधायची, मग जमलं तर जिंकायचं बघायचं, असं मला दादानं शिकवलं होतं. दादा माझा थोरला भाऊ, गिरणीत कारकून. वडील गेल्यावर घर त्याच्या अंगावर पडलं, आणि तो संसार करायचा तसाच खेळायचा. हातचं काही सोडायचं नाही. "दिलेलं प्यादं परत येत नसतं," असं तो म्हणायचा.

मीही तशीच सावरत खेळायचे आणि हरायचे. विशेषतः वकीलसाहेबांकडून. साठीकडे झुकलेले, मोजकं बोलणारे गृहस्थ. वजिरापुढचं प्यादं दोन घरं पुढं सरकवायचे, मग त्याच्या शेजारचं, आणि बघता बघता सगळा पट त्यांच्या मालकीचा व्हायचा. त्यांना मारामारीची घाई नसायची. माझ्या मोहऱ्यांना हलायला जागा उरायची नाही, एवढंच. हरण्याचं दुःख नव्हतं इतकं, पण त्या घुसमटीनं मी चिडून घरी यायचे.

एका उन्हाळ्यात औषध कंपनीचा एक फिरता विक्रेता दुपारचं ऊन टाळायला माडीवर आला. बॅग भिंतीला टेकवून त्यानं वकीलसाहेबांसमोर काळी मोहरी घेतली. वकीलसाहेबांनी आपली नेहमीची दोन प्यादी पुढं केली. आणि या माणसानं दुसऱ्याच खेळीला राजापुढचं प्यादं सरळ त्यांच्या तोंडात दिलं. त्यांनी ते मारलं. त्याबरोबर त्याचं वजिरापुढचं प्यादं आणखी एक घर पुढं घुसलं. वकीलसाहेबांनी ते हुसकायला आपलं राजापुढचं प्यादं एकच घर सरकवलं आणि तिथंच फसले. काळ्याचं ते प्यादं एकेक मोहरा मारत त्यांच्या शेवटच्या ओळीत पोचलं. आम्हाला वाटलं, आता तो वजीर मागणार. त्यानं मागितला घोडा. घोड्याचा थेट राजाला शह बसला आणि डाव तिथंच संपला.

"याला काय म्हणतात?" मी विचारलं.

"गॅम्बिट. आपणहून प्यादं द्यायचं आणि चढाई मिळवायची," तो बॅग उचलत म्हणाला. "पण साहेब आता परत फसणार नाहीत हं."

तो पुन्हा कधी दिसला नाही. मी मात्र त्या दिवसापासून काळ्यानं दुसरं काही खेळायचंच नाही असं ठरवलं. वकीलसाहेब खरोखरच पुन्हा फसले नाहीत. ते आधी घोडा बाहेर काढायचे, राजाला कोपऱ्यात हत्तीच्या आड नीट बसवायचे, आणि एका प्याद्याच्या जोरावर मला सावकाश हरवायचे. बाकीचे हसायचे. बांगड्यांचं दुकान असलेले एक चाचा रोज यायचे, ते म्हणायचे, "काले लेके बी कोई ऐसा दौड़ता क्या, बहन?"

"दौडूंगी, चाचा," मी म्हणायचे आणि पुन्हा मोहरी मांडायचे.

त्या वर्षी जिल्ह्याचा संघ निवडायच्या स्पर्धेत मी नाव दिलं. स्त्रियांचा वेगळा गट नव्हताच. शाळेच्या एका हॉलमध्ये सामने झाले, आणि शेवटच्या फेरीत माझ्यासमोर वकीलसाहेब आले. चिठ्ठीत मला काळी. मी प्यादं दिलं. बरंच झगडून ते परतही मिळवलं. पण तोवर पटाच्या दुसऱ्या बाजूनं त्यांची प्यादी माझ्या राजापर्यंत येऊन पोचली होती. मी हरले, आणि संघात जागा मिळाली नाही.

घरी आल्यावर दादा म्हणाला, "आता तरी नीट खेळ की. लई घाई असते बघ तुझ्या खेळात. बरोबरी झाली असती तरी पुष्कळ होतं."

"मला बरोबरी नको, दादा."

"मग पुढच्या वर्षीही हरशील."

"हरले तर हेच खेळून हरेन."

पण दोन दिवसांनी गिरणीतून आल्यावर तो स्वतःच पट घेऊन गच्चीवर आला. उन्हाळ्यात संध्याकाळी आम्ही गच्चीवर पाणी मारून सतरंजी टाकायचो. त्यानं पांढरी मोहरी आपल्याकडे ओढली आणि म्हणाला, "मी वकील. दे तुझं प्यादं."

मग वर्षभर आम्ही एकच डाव खेळत राहिलो. माझी पाळी सकाळची असली की संध्याकाळी, दुपारची असली की सकाळी त्याच्या कामावर जायच्या आधी. तो वकीलसाहेबांसारखाच सावकाश खेळायचा आणि मला हरवायचा. कधीकधी मी चिडून मोहरी विस्कटायचे. तो शांतपणे पुन्हा लावायचा. एकदा मी असंच प्यादं परत मिळवून खूश झाले होते, तर पटावरून मान वर न करता तो म्हणाला, "एकदा दिलंस ना? मग मागायला कशाला गेलीस? तेवढ्यात माझी तीन मोहरी कामाला लागली."

मी पटाकडे बघत बसले. खरं होतं. देताना मी धीट असायचे आणि दिल्यावर घाबरायचे. त्यानंतर मी ते प्यादं विसरायला शिकले. ते परत मिळवण्यात जाणाऱ्या खेळ्या मी राजाच्या हत्तीपुढचं प्यादं पळवण्यात घालू लागले, थेट समोरच्या राजाच्या कोपऱ्याकडे. दादा हरू लागला. हरला की म्हणायचा, "मला नाही जमायचं असलं. पण तू खेळ."

पुढच्या वर्षी पुन्हा तोच हॉल. शेवटच्या फेरीला वकीलसाहेबांना बरोबरी पुरेशी होती, मला जिंकणं भाग होतं. माझ्याकडे काळी आली, आणि खेळी ठरलेली होती. मी प्यादं दिलं.

"अजून हेच का?" ते हसून म्हणाले.

"हेच, साहेब."

त्यांनी राजा कोपऱ्यात नेला. मी माझा दुसऱ्या बाजूला नेला आणि हत्तीपुढचं प्यादं सोडलं. माझं प्यादं मारून आलेलं त्यांचं प्यादं मधेच उभं होतं, सहज मारता आलं असतं. मी तिकडे पाहिलं नाही. उंटाला उंट गेला, प्याद्याला प्यादं गेलं, आणि कडेची उभी पट्टी माझ्या हत्तीसाठी मोकळी झाली. त्यांनी पहिल्यांदाच बराच वेळ विचार केला आणि घोडा आणून माझ्या हत्तीची वाट अडवली. मी हत्ती देऊन तो घोडा मारला. मागं कुणीतरी "अरेरे" म्हणालं. त्यांच्या प्याद्यानं हत्ती मारला, तशी राजापुढची भिंत फुटली. माझ्या वजिराचा शह बसला, मग दुसरा हत्ती त्याच पट्टीवर येऊन उभा राहिला. वकीलसाहेबांनी आपला राजा हलक्या हातानं आडवा केला.

"तुम्ही या वेळी प्यादं परत मागितलं नाही," ते म्हणाले.

मी फक्त मान हलवली.

संघाची नावं ठरवायला पंच बसले तेव्हा कुणीतरी म्हणालं, राज्याच्या सामन्यांना पुण्याला जायचं, मुक्काम करायचा, मुलीला कसं न्यायचं? तिच्याऐवजी वकीलसाहेबच जाऊ देत. त्यावर वकीलसाहेब उठले. "पटावर जी जिंकली ती जाईल. मी हरलेला माणूस, मला काय विचारता?" एवढं बोलून त्यांनी टोपी घातली आणि ते निघून गेले.

दादानं रजा टाकली आणि तो आमच्या संघाबरोबर आला. पुण्यात मी शेवटच्या पटावर खेळले. काळी आली त्या प्रत्येक डावात दुसऱ्या खेळीला प्यादं दिलं. एक जिंकले, दोन हरले. परतीच्या एस.टी.त दादा भाकरी आणि शेंगाच्या चटणीची पुरचुंडी सोडून बसला होता. हरलेल्या डावातली कुठली खेळी चुकली यावर आमचं भांडण जुंपलं, ते वाटेतलं टेंभुर्णी गाव मागं पडलं तरी मिटलं नव्हतं.