सातव्या तराफ्याची सादाए

सादाए ओनोदेरा कालवं फोडायची. जपानात मियागीच्या किनाऱ्यावर आमचं त्सुबोनोहामा गाव, तिथल्या कालववाल्यांच्या संघाच्या शेडमध्ये बायका सकाळपासून ओळीनं उभ्या असतात, हातात आखूड सुरी. तासाला कुणी दीडशे फोडते, कुणी दोनशे. सादाए तीनशे फोडायची आणि तोंडातून अवाक्षर काढायची नाही. गाव म्हणायचं, किती शांत बाई आहे. शांत कसली डोंबलाची! नऊ वर्षं मनात डूख धरून बसली होती ती, आणि ज्याच्यावर धरला होता तो रोज तिच्या समोरून हात मागे बांधून फेऱ्या मारायचा.

तो म्हणजे कुमागाइ. संघाचा अध्यक्ष, आणि अमेरिकेशी मैत्री राखणाऱ्या मंडळाचाही अध्यक्ष. ही मैत्री जुनी. आमच्या खाडीतलं कालवांचं बी एके काळी पेट्यांत भरून बोटीनं तिकडे जायचं. वॉशिंग्टन राज्यातल्या एल्डर पॉइंटच्या खाडीत आज जी कालवं आहेत, ती आमच्याच कालवांची नातवंडं-पतवंडं. पण नुसत्या बियाण्यानं माणसं जोडली जात नाहीत. ती जोडली इसाओनं, सादाएच्या नवऱ्यानं. शब्दकोश पुढ्यात घेऊन वीस वर्षं तो तिकडच्या मार्लिस टोलेफ्सन नावाच्या बाईला पत्रं लिहीत होता. तीही कालववालीच. पुढं जाणं-येणं सुरू झालं, मंडळ निघालं, आणि मंडळ म्हटलं की खुर्ची आली. खुर्चीत कुमागाइ बसला. इसाओ हसून म्हणायचा, बसू दे, मला तराफा आहे बसायला.

मग ती त्सुनामीची लाट आली. इसाओ गेला, ज्यांच्याखाली दोरांना लटकवून कालवं वाढवतात ते खाडीतले सगळे तराफे गेले. महिन्याभरात एल्डर पॉइंटहून दोर आले, पाण्यावर तरंगणारे बोये आले. मार्लिसनं दारोदार फिरून जमवलं होतं सगळं, इसाओच्या गावासाठी म्हणून. वाटपाची यादी कुमागाइनं केली. तिच्यात ओनोदेरांचं घर नव्हतं. सादाए विचारायला गेली, तेव्हा त्यानं चहा पाजला आणि गोड आवाजात सांगितलं, की ज्या घरात पुरुष नाही त्या घराला दोर कशाला हवेत, तुम्ही शेडमध्ये या, सावलीतलं काम आहे. खाडीतली इसाओची सातव्या तराफ्याची जागा त्यानं स्वतःच्या पुतण्याला दिली. मार्लिसच्या पत्रांना उत्तरंही आता तोच मंडळाच्या शिक्क्यानिशी धाडायचा: सर्व कुटुंबं सुखरूप उभी राहिली आहेत.

वाचताना तुमचं पित्त खवळलं असेल. सादाएचं रोज खवळायचं. पण आमच्याकडे पाहुण्यांपुढे घरातली घाण काढत नाहीत. उपाशी मरतील, पण काढणार नाहीत.

त्यात आणखी एक गोष्ट होती. दर दोन वर्षांनी अमेरिकेची मंडळी आली, की शेडमध्ये मोसमातलं पहिलं कालव अध्यक्षानं स्वतः फोडून पाहुण्याच्या हातात द्यायचं, असा रिवाज. आणि कुमागाइला फोडता येत नव्हतं. उभा जन्म कचेरीत गेला होता त्याचा. म्हणून आदल्या तासाला सादाएनं एक मोठं कालव घ्यायचं, आतला दोन्ही शिंपल्यांना आवळून धरणारा स्नायू कापायचा, वरची शिंपली अलगद परत बसवायची आणि परातीत सगळ्यात वर ठेवायचं. कुमागाइनं सुरी नुसती टेकवायची, की झाकण उघडायचं आणि टाळ्या पडायच्या. चार वेळा तिनं हे केलं. ज्यानं घर बुडवलं, त्याची अब्रू तिनंच झाकायची.

पाचव्या वेळी मार्लिस स्वतः यायची होती, काठी टेकत. सादाएनं परातीत सगळ्यात वर कालव ठेवलं खरं, पण ते कापलं नाही. हुडकून हुडकून सगळ्यात निबर, दगडासारखं मिटलेलं ठेवलं. त्या दिवशी तिला सकाळपासून भूक लागली होती. नऊ वर्षांत इतकी चव तोंडाला आली नव्हती.

भाषण झालं. कुमागाइनं सुरी टेकवली. काही हललं नाही. त्यानं दाबली. पुन्हा दाबली. मान लाल झाली, कपाळावर घाम आला. सुरी निसटली, कालव टणकन फरशीवर पडलं आणि ते उचलायला तो ओणवा झाला. सादाए डोळे भरून बघत होती.

आणि अमेरिकन मंडळी हसली. मनापासून हसली, टाळ्या पिटल्या. कुणी शिट्टी मारली. एकानं पुढं होऊन कुमागाइचा खांदा थोपटला. ज्या फजितीनं आमच्याकडे माणूस वर्षभर घराबाहेर पडला नसता, त्या फजितीनं तो त्यांचा लाडका झाला! येत नसताना करून बघतोय बिचारा, किती साधा पुढारी, असं त्यांना वाटलं. मार्लिसनं सुरी घेतली, ते कालव चुटकीसरशी उघडलं आणि हसत त्याच्याच हातात दिलं. कुमागाइही हसायला लागला.

सादाएच्या तळपायाची आग मस्तकात गेली. नऊ वर्षं जपलेलं सगळं एका टाळीत वाया. ती ओळीतून बाहेर आली. हातमोजे काढले. मार्लिससमोर उभी राहून आपल्या भाषेत, सावकाश बोलली.

"मी इसाओची बायको. तुम्ही पाठवलेले दोर माझ्या घरी आले नाहीत. एकसुद्धा नाही."

भाषांतराला शाळेतली इंग्रजीची बाई होती, मिहो. तिनं कुमागाइकडे पाहिलं. त्यानं बारीकशी मान हलवली, नको म्हणून.

"त्याच्याकडे काय बघतेस?" सादाए म्हणाली. "पोरांना शिकवतेस ते इंग्रजी आज कामाला आण. एक शब्द गाळू नकोस."

मिहोनं सांगितलं. खालच्या आवाजात, पण सगळं.

मार्लिसचं हसू गेलं. तिनं सादाएच्या फुगलेल्या बोटांकडे पाहिलं. मग कुमागाइकडे वळून तिनं एवढंच विचारलं, की यातला इसाओचा तराफा कुठला. खिडकीतून खाडी समोर दिसत होती, सादाएनंच बोट दाखवलं. सातव्या जागेवरच्या निळ्या बोयांवर कुमागाइचं आडनाव हातभर अक्षरांत रंगवलेलं होतं. ते वाचून दाखवायला मिहो लागली नाही. वीस वर्षं पाकिटांवर आमची जपानी अक्षरं पाहून मार्लिसला ओनोदेरा कसं लिहितात ते पाठ होतं, आणि तिथं ते नव्हतं.

कुमागाइच्या तोंडाचं पाणी पळालं. शेवटी तो म्हणाला, सातवी जागा उद्यापासून ओनोदेरांच्या घराची, आणि ते त्यानं मिहोला इंग्रजीतही सांगायला लावलं. मग सादाएसमोर येऊन कमरेत पार वाकला.

आमच्याकडे कुणी वाकलं की समोरच्यानं वाकायचं असतं. भांडण असलं तरी. त्याशिवाय वाकलेल्या माणसाला वर येता येत नाही. बायका सवयीनं जागच्या जागी वाकल्याही. सादाए तेवढी ताठ.

"सादाए-सान," मिहो कुजबुजली, "वाका ना. पाहुणे बघताहेत."

"नऊ वर्षं वाकले," सादाए म्हणाली.

ती ओळीतल्या आपल्या जागेवर गेली, हातमोजे चढवले आणि एक कालव फोडलं. मग दुसरं. मग तिसरं. कुमागाइ वाकलेलाच होता.