पदराला लावलेला माइक

माझ्या भावाच्या, अण्णाच्या, मृत्यूवर आजवर तीन माहितीपट निघाले आहेत. भाऊ कोणी मोठा माणूस नव्हता. पुण्याच्या नव्हे, आमच्या कानडी गावातल्या शिवाजीनगरच्या एका गल्लीत त्याचं दुकान होतं, लग्नाच्या मांडवांना आणि गणपतीला तो दिव्यांची रोषणाई करून द्यायचा. मोठा होता तो सिनेनट, ज्याच्या फार्महाउसवर अण्णा कामाला गेला. त्याच्या वाढदिवसाची रोषणाई लावताना ओल्या हिरवळीवर अण्णाला विजेचा धक्का बसला. आमचं म्हणणं असं की अण्णाने मेन स्विच बंद केला होता, आणि पाहुणे यायच्या आधी दिवे बघायचे म्हणून नटाच्या हुकमावरून घरातल्या कोणीतरी तो चालू केला. त्यांचं म्हणणं, अण्णाने मेन बंद केलाच नव्हता. फौजदारी खटल्यातून नट पुराव्याअभावी सुटला, तेव्हा वहिनीने दिवाणी दावा लावला. वकील भरपाईबद्दल बोलायचे. वहिनीला मात्र एकच गोष्ट हवी होती, चूक तिच्या नवऱ्याची नव्हती एवढं न्यायाधीशांनी कागदावर लिहून द्यावं.

पहिला माहितीपट एका वाहिनीचा. त्यात नटाचं बालपण होतं, गाजलेल्या भूमिका होत्या, आणि अण्णा अर्धा मिनिट, तोही आधार कार्डावरच्या फोटोत. दुसऱ्यात नट स्वतःच्या गाईंना चारा घालता घालता रडला. ‘मीही झोपलेलो नाही,’ म्हणाला. मी टीव्हीसमोर बसून त्याला जे काही बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही, आणि मी तीस वर्षं शाळेत कन्नड शिकवलेली बाई आहे.

तिसरा करायला एक मुलगी वहिनीच्या घरी आली. तिशीतली, साधा सुती कुर्ता, चपला दाराबाहेर काढून आत आलेली. कन्नड मोडकं, हिंदी छान. ‘आतापर्यंत सगळ्यांनी त्याचा सिनेमा केला, मी तुमचा करणार आहे,’ असं ती हिंदीत म्हणाली. वहिनीने तिच्याकडे नीट बघितलं आणि म्हणाली, “बन्नी, कूतकोळ्ळी.” या, बसा. आमच्याकडे उंबऱ्याबाहेरच्या माणसाचं स्वागत कन्नडमध्येच होतं. मराठी आहे ती घरातल्यांसाठी.

हे मला जरा उलगडून सांगायला हवं, कारण सगळं इथेच फसलं. आमची मराठी घराणी या गावात तीनेकशे वर्षं आहेत. लहानपणापासून आम्हाला एकच शिकवण, बाहेरच्यांसमोर काही खासगी बोलायचं असेल तर मराठीत बोल. दुकानात भाव पटला नाही, बसमध्ये शेजारचीची साडी आवडली नाही, की आम्ही मराठीत बोलून मोकळे. पडदा ओढून घेतल्यासारखं वाटायचं. माझी मुलगी सर्जापूर रोडला राहते, मी तिच्याकडेच असते. ती कितीदा म्हणाली, “आई, आता ते दिवस गेले. आमच्या बिल्डिंगमध्ये निम्मे पुण्याचे आहेत.” एकदा लिफ्टमध्ये मी एका गृहस्थांच्या अत्तराबद्दल तिला काहीतरी बोलले, तर ते उतरताना हसून म्हणाले, “उद्यापासून कमी लावतो, काकू.” मुलगी दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. मी मात्र शहाणी झाले नाही.

ती मुलगी तीन महिने येत राहिली. वहिनीच्या हातचं पिठलं-भात जेवली, अण्णाच्या दुकानातल्या जुन्या माळा तासन्‌तास बघत बसली, वहिनीला ताप आला तेव्हा डॉक्टरकडे घेऊन गेली. मला तिचा लळा लागला, हे कबूल करायला आज लाज वाटते. मुलाखतीच्या दिवशी तिने स्वतःच्या हाताने माझ्या पदराला बटणाएवढा माइक लावला आणि त्याची डबी कमरेला खोचून दिली. दुपारी कॅमेरा बंद झाला. “चाय पी लेते हैं,” ती म्हणाली. मी आणि वहिनी स्वयंपाकघरात गेलो.

वहिनीने अण्णाबद्दल सकाळभर बोलून घेतलं होतं आणि तिचा चेहरा अगदी उतरला होता. मला ते बघवेना. मी म्हटलं, “आठवतं का गं, अण्णाने हॉलचा पंखा बदलला होता तो? घाई असली की कसलं मेन नि कसलं काय त्याला. मी ओरडले म्हणून वाचला.”

वहिनी म्हणाली, “आणि वर तुम्हालाच म्हणाले, स्वल्प हळू ओरड, शॉकपेक्षा तुझा आवाज जोरात बसतो.” आणि ती हसली. दोन वर्षांत पहिल्यांदा, तोंडाला पदर लावून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. मीही हसले. आलं किसत होते, ते तसंच राहिलं. त्या हसण्यासाठीच तर मी बोलले होते. घरी वीस वर्षांपूर्वी एक पंखा घाईत बदलणं आणि धंद्याच्या कामावर मेन चालू ठेवणं यांचा काही संबंध नाही, हे आम्हा दोघींना सांगायची गरज नव्हती. अण्णा कामावर किती काटेकोर होता ते वहिनीइतकं कोणाला ठाऊक.

माहितीपट आला तो आम्ही रविवारी दुपारी मुलीकडच्या मोठ्या टीव्हीवर लावला. वहिनी इस्त्रीची साडी नेसून आली होती, येताना म्हैसूर पाक घेऊन. सुरुवात चांगली होती. अण्णाचं दुकान, वहिनीचे हात, माझी मुलाखत, सगळं कन्नडमध्ये. मग नटाचे वकील आले आणि शांतपणे म्हणाले, कामगाराने मेन बंद केला नव्हता. त्यानंतर पडद्यावर आमचं रिकामं स्वयंपाकघर आलं. गॅसवर चहा उकळतोय. आणि माझा आवाज, ‘घाई असली की कसलं मेन नि कसलं काय त्याला.’ खाली इंग्रजी अक्षरं. त्यामागून वहिनीचं हसणं, पूर्ण, न कापता.

वहिनीला इंग्रजी वाचता येत नाही. तिला वाचायची गरजच पडली नाही. दोन तासांच्या सिनेमात मराठी होतं ते तेवढंच.

वहिनी सिनेमा संपेपर्यंत बसली. मग चपला घालून खाली गेली. माझी मुलगी तिला सोडायला निघाली तर हातानेच नको म्हणाली.

दुसऱ्या दिवशी मी बेळ्ळंदूरला त्या मुलीच्या ऑफिसात गेले. रिंग रोडवर ऑटो दीड तास अडकला होता आणि मी मनातल्या मनात तिला कन्नडमध्ये, हिंदीत, तोडक्या इंग्रजीतही झापून घेतलं होतं. ती दाराशी आली. माझा चेहरा बघून तिला कळलंच असणार. ती म्हणाली, “मावशी, आत या ना. पाणी देऊ का?”

अगदी स्वच्छ, पुण्याकडचं मराठी.

मी तिथेच उभी राहिले. विचारलं, “तुला येतं?”

“आई पुण्याची आहे माझी.”

“तीन महिने एक शब्द बोलली नाहीस.”

“तुम्ही विचारलं नाहीत, मावशी. आणि मी बोलले असते तर तुम्ही माझ्यासमोर मोकळं बोलला नसता. मी खोटं काही दाखवलेलं नाही. तुम्ही जे बोललात तेच आहे.”

“कॅमेरा बंद होता.”

“माइक चालू होता. संमतीपत्रावर तुमची सही आहे.”

ती उद्धट नव्हती, हे जास्त लागलं. तिच्या बाजूने तिचं सगळं बरोबर होतं. मी तिला एवढंच म्हटलं, “ती हसली होती गं. मी तिला हसवलं होतं.” तिने मान खाली घातली. तिचं पाणी न पिता मी निघाले.

पुढच्या तारखेला नटाच्या वकिलांनी तो तुकडा पुरावा म्हणून दाखल करायची परवानगी मागितली. मृताची सख्खी बहीणच सांगते, असं त्यांनी अर्जात लिहिलं. आमच्या वकिलांनी हरकत घेतली आहे. काय होईल ते अजून ठरलेलं नाही. वहिनीला जे वाक्य न्यायाधीशांकडून हवं होतं, त्याच्या आड आता माझं वाक्य उभं आहे.

त्या संध्याकाळी मी तिच्याकडे गेले. दुकानाच्या वरचंच घर, लग्नाआधी माझंही तेच. त्या दारावर मी कधी टकटक केलेली नाही, त्या दिवशी केली. काय बोलायचं ते ठरवून आले होते, सगळं मराठीत. वहिनीने दार उघडलं. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. ती बाजूला सरली, खुर्चीकडे हात केला आणि म्हणाली,

“बन्नी, कूतकोळ्ळी.”